चारित्र्याचा पाठ कोणी द्यावयाचा?

सज्जनहो, या महिन्याच्या पाठासाठी आम्ही जो विषय घेतला आहे, तो वरवर पाहता आपला नव्हे, शाळामास्तरांचा आहे, असे कोणास वाटेल. शाळेच्या अभ्यासक्रमात चारित्र्यशिक्षणास स्थान असावे काय, आणि असल्यास ते कोणते, हा तो विषय. परंतु आपली नातवंडे सकाळी दप्तर पाठीला लावून ज्या इमारतीत जातात, तेथे काय चालते याची चौकशी आपण करावयाची नाही, तर मग कोणी करावयाची? शिवाय हा विषय आमच्या गळ्यात एका प्रसंगाने पडला आहे. तो प्रसंग आमच्या कमीपणाचा आहे. म्हणून तो आधी सांगून मोकळे होतो आणि मग शास्त्रविचाराकडे वळतो.

२०१८ सालची गोष्ट. तुकाराम बीजेच्या निमित्ताने एका गावी सप्ताह होता. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते सांगून काही साधावयाचे नाही. बीज फाल्गुनात येते आणि त्या साली दहावीची परीक्षाही नेमकी त्याच दिवसांत आली होती. रात्रीचे कीर्तन आटोपले, मंडळी ओसरीवर चहाला बसली. विणेकरी गृहस्थ पासष्टीच्या घरातले, गळ्यात माळ, तीस वर्षांत आषाढी चुकलेली नाही. ते म्हणाले, “महाराज, शाळेत नुसतं गणित अन् इंग्रजी. पोरं बिघडली. चारित्र्याचा एक तास रोज पाहिजे. तुम्ही कीर्तनातून सांगा की सरकारला.” आम्ही मान डोलावली. बोलणे पटण्यासारखेच होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही ओढ्यावरून परत येत होतो. वाट शाळेच्या मागून जाते. भिंतीशी दहापंधरा माणसे जमली होती. एक तरणा पोर दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढला होता, आणि खिडकीच्या गजांतून चिठ्ठ्या आत जात होत्या. खाली चिठ्ठ्यांची चळत धरून जे उभे होते, ते आमचे विणेकरी. आत त्यांचा नातू होता. त्यांनी आम्हांस पाहिले, आम्ही त्यांस पाहिले. त्यांनी मान खाली घातली, आणि काय सांगावे, आम्हीही घातली.

त्या रात्री आमचे कीर्तन सत्य या विषयावर होते. दीड तास निरूपण केले, पण ते राजा हरिश्चंद्राच्या सत्यावर. शाळेच्या भिंतीमागची गोष्ट आम्ही गिळली. काल्याचे कीर्तन बाकी होते, पुढच्या वर्षाची तारीख ठरावयाची होती, आणि पाहुण्याने यजमानाचे उणे काढू नये अशी एक सबब मनाने तयारच ठेवली होती. हरिश्चंद्रावर बोलावयास धाडस लागत नाही. तो काही सप्ताहाला वर्गणी देत नाही! असो. तात्पर्य एवढेच, की त्या गृहस्थांनी मागितलेला चारित्र्याचा तास त्या गावात त्याच दिवशी झाला. तो भिंतीशी झाला, आणि शिकवणारे आम्ही दोघे होतो. नातवाने आजोबांकडून एक पाठ घेतला. ज्यांनी आम्हांस तेथे पाहिले व रात्री ऐकले, त्यांनी दुसरा पाठ आमच्याकडून घेतला.

शब्दाचा अर्थ

आता शब्दाचा विचार करू. ‘चारित्र्य’ हा शब्द ‘चरित्र’ या शब्दावरून आला, आणि ‘चरित्र’ हा ‘चर्’ धातूपासून. चर् म्हणजे चालणे. त्याला ‘इत्र’ हा प्रत्यय लागला आहे. हा प्रत्यय साधन दाखवितो. ज्याने खणावयाचे ते खनित्र, म्हणजे कुदळ. ज्याने कापावयाचे ते लवित्र, म्हणजे विळा. ज्याने होडी वल्हवावयाची ते अरित्र, म्हणजे वल्हे. त्याच न्यायाने ज्याने चालावयाचे ते चरित्र, म्हणजे पाय! ही आमच्या पदरची कोटी नव्हे. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या सूक्तात विश्पला नावाच्या स्त्रीची कथा सूचित केली आहे. लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडाचा पाय बसवून दिला. तेथे त्या तुटलेल्या पायाला ‘चरित्र’ हाच शब्द योजला आहे. पुढे पायावरून चालणे, चालण्यावरून वागणे, आणि वागण्यावरून आज आपण म्हणतो तो चारित्र्याचा अर्थ आला.

वारकऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पंढरीची वाट नकाशावर बोट फिरवून संपत नाही, पायांनी चालावी लागते. पहिल्या वर्षी पायाला फोड येतात, दुसऱ्या वर्षी कमी येतात, आणि पुढे आषाढ जवळ आला की पाय आपण होऊनच ओढ घेतात. चारित्र्य याच जातीचे आहे. ते कळून भागत नाही, वळावे लागते. खरे बोलावे हे ठाऊक नसलेला एकही मुलगा कोणत्याही शाळेत सापडणार नाही. त्याला ठाऊक नाही असे समजून आपण तास लावतो, तेथेच पहिली चूक होते.

आजवर काय ठरले

ही मागणी काही आजची नव्हे. स्वातंत्र्यानंतर लगेच डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) सुचविले, की दिवसाचा आरंभ काही मिनिटांच्या मौन चिंतनाने व्हावा आणि थोर धर्मपुरुषांची चरित्रे विद्यार्थ्यांस शिकवावीत. १९५९ साली धार्मिक व नैतिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ते त्या वेळी आपल्या मुंबई राज्याचे राज्यपाल होते. त्यानंतर कोठारी आयोग (१९६४-६६) आला. त्याचे सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. त्या आयोगाने आठवड्यातून एकदोन तास नैतिक मूल्यांसाठी राखावेत असे म्हटले, पण त्याबरोबरच असेही सांगितले, की शाळेचे एकंदर वातावरण आणि शिक्षकांचे वागणे यांतून जे शिकविले जाते त्याचे मोल मोठे आहे. १९९९ साली शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया म्हणून सांगितली. शंकररावांचा जन्म पैठणचा, हे नाथांना मानणाऱ्या आपल्या वाचकांस ऐकून बरे वाटेल. महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांत १९९७ पासून मूल्यशिक्षण आले. त्यात श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी दहा मूल्ये आहेत. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही नीतीचा व संविधानातील मूल्यांचा पुरस्कार आहे.

म्हणजे पहा, पाऊणशे वर्षांत ‘चारित्र्य नको’ असे कोणीही म्हटलेले नाही. कायदाही कमी नाही. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ सालीच कायदा झाला आहे. समित्या झाल्या, तास झाला, कायदा झाला, आणि तरीही भिंतीशी गर्दी होते. मग उणे कोठे आहे? याचा विचार शास्त्राच्या रीतीने, म्हणजे आधी पूर्वपक्ष मांडून, करू.

पूर्वपक्ष पहिला : शाळेत ग्रंथ लावावा

आपल्या मंडळींचे पहिले म्हणणे असे, की शाळेत ज्ञानेश्वरी लावा, गाथा लावा, म्हणजे सारे आपोआप सुधारेल. याला पहिले उत्तर संविधानाचे आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे, जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशावर चालते तेथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलास अशा शिक्षणाला बसविता येत नाही. धर्मांविषयी माहिती देण्यास मात्र मनाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. आम्हांस हे कलम मुळीच कडू लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर निरनिराळ्या घरांची मुले बसतात. एकाच्या घरचा नेम दुसऱ्यावर सक्तीने लादला, तर तो नेम राहत नाही, हुकूम होतो. सक्तीने कोणी वारकरी झाल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

पण दुसरे उत्तर याहून मर्मी लागणारे आहे. अहो, संतांची वाणी शाळेत नाही असे कोणी सांगितले? मराठीच्या पाठ्यपुस्तकात ती आहेच. त्या दिवशी पेपर मराठीचाच होता. भिंतीपाशी एक चिठ्ठी वाऱ्याने उडून आमच्या पायाशी आली. उचलून पाहिली तो तिच्यावर बारीक अक्षरांत एका अभंगाचा भावार्थ लिहिलेला! संतांचे वचन चोरून आत चालले होते, दोन गुणांसाठी. तेव्हा ग्रंथ शाळेत नेला म्हणजे चारित्र्य शाळेत गेले, हा भ्रम त्या चिठ्ठीने आमच्यापुरता तरी फेडला.

पूर्वपक्ष दुसरा : चारित्र्याला गुण द्यावेत

दुसरे म्हणणे शहाण्या लोकांचे. ते म्हणतात, ज्याला गुण नाहीत ते मूल करीत नाही. म्हणून चारित्र्यालाही गुण ठेवा. यावर आम्ही माउलींच्या तेराव्या अध्यायाकडे बोट दाखवितो. तेथे ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्वानंतर लगेच अदंभित्व येते. ज्याला दंभ नाही तो आपले सत्कर्म झाकून ठेवतो, असे माउलींचे विवेचन आहे. कृपणाने धन लपवावे तसे. आता सत्कर्माला गुण ठेवले, की मुलाला ते झाकून कसे चालेल? ते उघडे करून, शिक्षकांच्या डोळ्यांपुढे धरूनच करावे लागेल. झाड लावायचे ते फोटोसाठी, म्हाताऱ्याचा हात धरायचा तो वहीत नोंद व्हावी म्हणून. म्हणजे चारित्र्य शिकवावयास गेलो आणि दंभ शिकवून आलो!

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० साली महाराष्ट्रात आले, तेव्हापासून शिक्षकांस प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागू लागल्या. कल्पना चांगली होती. मुलाला नुसत्या आकड्याने न मोजता त्याला ओळखावे, हा तिचा हेतू. परंतु अशा नोंदींची तयार वाक्येही लगेच मिळू लागली. ‘मोठ्यांचा आदर करतो’, ‘नेहमी खरे बोलतो’, अशी वाक्ये पन्नास मुलांच्या नावांपुढे उतरली. यात शिक्षकांचा दोष आम्ही काढीत नाही. त्यांच्या डोक्यावरचा कागदांचा भार आम्हांस ठाऊक आहे. सांगावयाचे इतकेच, की ‘नेहमी खरे बोलतो’ हे वाक्य जेव्हा पाहून उतरले जाते, तेव्हा ते वाक्यच खोटे होते, आणि मुलांना ते कळते.

पूर्वपक्ष तिसरा : हे काम घराचे, शाळेचे नव्हे

तिसरे म्हणतात, शाळेने विद्या द्यावी, चारित्र्य घरी शिकावे. हे अर्धे खरे आहे. पण मूल शाळेत पाचसहा तास असते. तेथे ते रांगेत उभे राहते, पाण्याच्या टाकीपाशी ढकलाढकली करते किंवा करीत नाही, दुपारच्या पोषण आहाराच्या पंगतीत कोणाशेजारी बसते किंवा बसण्याचे टाळते, हरवलेली पेन्सिल परत करते किंवा खिशात घालते. झाडलोट कोणाकडून करून घेतली जाते, मुलींकडूनच की सर्वांकडून, हेही ते पाहते. यातला प्रत्येक क्षण चारित्र्याचा पाठच आहे. शाळेने चारित्र्य शिकवावे की नाही, हा प्रश्नच खरा नव्हे. शाळा ते शिकवतेच; बरे शिकवते की वाईट, एवढेच पाहावयाचे आहे.

पाठशाळेतील एक सकाळ

आता सिद्धान्त सांगण्यापूर्वी आमच्या बालपणातील एक गोष्ट ऐका. १९७२ च्या दुष्काळानंतरची ती वर्षे. आम्ही एका संस्कृत पाठशाळेत होतो. पहाटे उठून अमरकोश, मग शब्दरूपे, मग लघुकौमुदी. गुरुजी विद्वान, आणि कडक. एके दिवशी त्यांनी ‘पति’ शब्द चालविला. त्याची तृतीया ‘पत्या’ होते, ‘पतिना’ होत नाही, हे सांगितले. थोड्या वेळाने आमच्या शेजारच्या मुलाने ‘भूपति’ शब्द चालविताना ‘भूपतिना’ म्हटले. गुरुजी म्हणाले, “आत्ताच काय सांगितलं?” आणि छडी त्याच्या हातावर बसली. तो बिचारा रडत बसला.

व्याकरण जाणणाऱ्यांच्या ध्यानात आलेच असेल, की मुलगा बरोबर होता. ‘पति’ शब्द एकटा असता त्याचे रूप वेगळे. समासाच्या शेवटी आला, की तो ‘हरि’ शब्दासारखा चालतो. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सारे बसलो होतो. गुरुजी आले, पण आसनावर बसले नाहीत. त्या मुलापुढे उभे राहिले आणि सर्वांदेखत म्हणाले, “काल चूक माझी होती. भूपतिना हेच बरोबर. छडी तुझ्या हातावर बसली, ती माझ्या हातावर बसायला हवी होती.” असे म्हणून त्यांनी स्वतःचे दोन्ही कान धरले. आदल्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता, हे आम्हांस ठाऊक होते. पण त्यांनी ती सबब सांगितली नाही.

पन्नास वर्षे होऊन गेली. त्या पाठशाळेत पाठ केलेली पुष्कळ रूपे आम्ही विसरलो. ‘भूपतिना’ मात्र विसरलो नाही, आणि ते धरलेले कान तर मुळीच नाही. चारित्र्य नावाचा तास त्या पाठशाळेत नव्हता. पण सत्य म्हणजे काय, विद्वत्तेहून ते मोठे कसे, आणि लहानापुढे वाकल्याने मोठा लहान होत नाही, हे तीन पाठ आम्हांस दोन मिनिटांत मिळाले.

उपनिषदातही हेच आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अध्ययन पुरे करून घरी निघालेल्या शिष्यास आचार्य उपदेश करतात. खरे बोल, धर्माने वाग, स्वाध्याय चुकवू नको, हे तर सांगतातच. पण त्याच उपदेशात ते असेही सांगतात, की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू घे, इतर घेऊ नकोस. विचार करा, हे वाक्य कोण बोलू शकतो? ज्याने आपल्या आचरणात चांगले आणि वाईट असे दोन ढीग केले आहेत आणि ते शिष्यापासून लपविलेले नाहीत, तोच. ‘आचार्य’ शब्दातही तोच ‘चर्’ धातू आहे, हे सांगावयास नको.

मग अभ्यासक्रमात काय असावे?

आमचे मत असे, की चारित्र्याचा तास अभ्यासक्रमात जरूर असावा. पण तो ऐकण्याचा नसावा, करण्याचा असावा. त्याला गुण नसावेत. आणि त्याचा पाया शिक्षकाचे स्वतःचे वागणे हा असावा. हे स्वप्न नव्हे. महाराष्ट्रात ते झालेले आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळीत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, तर ते रागावत नसत. स्वतः झाडून, अंथरुणे नीट घालून निघून जात. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. त्याच गुरुजींनी १ मे १९४७ पासून, विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून, आपल्या पंढरपुरात उपोषण केले. खोली झाडणारा हात आणि मंदिराचे दार उघडविणारा हात एकच होता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह चालू केले. सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली, आणि श्रम करून शिकली. ‘समतेवर निबंध लिहा’ असे त्यांना सांगावे लागले नाही. रोज एका पंगतीत जेवणे हाच त्यांचा समतेचा पाठ होता. वारीच्या वाटेवर आपणही हेच करतो; मग गावी परतल्यावर शाळेची पंगत कशी बसते, हे पाहावयास आपण का जात नाही?

गोष्टींचा उपयोग नाही काय? आहे, पण रीत पाहिजे. २०२० च्या धोरणात पंचतंत्र, जातक आणि हितोपदेश यांतील गोष्टी मुलांना सांगाव्यात असे म्हटले आहे. आम्ही पंचतंत्र मुळातून शिकलो आहोत, म्हणून एक सावधगिरी सांगतो. तो ग्रंथ राजपुत्रांना व्यवहार शिकविण्यासाठी आहे, त्यातले प्रत्येक चातुर्य म्हणजे सदाचार नव्हे. माकड आणि मगर यांची गोष्ट घ्या. काळीज झाडावर विसरून आलो, असे खोटे सांगून माकड जीव वाचविते. गोष्ट सांगून झाल्यावर शेवटी ‘संकटात बुद्धी वापरावी’ असे तात्पर्य फळ्यावर लिहिले, की तास संपला आणि वायाही गेला. पण एखादी पोरगी उठून विचारील, “गुरुजी, माकड खोटं बोललं. ते चाललं का?” खरा तास येथे सुरू होतो. मगरीने आधी मित्राशी दगा केला, म्हणून माकडाला मोकळीक मिळते काय? परीक्षेत नापास होण्याची भीती ही मगरीच्या पाठीवरच्या भीतीसारखीच आहे काय? अशा प्रश्नांवर मुलांना आपापसांत बोलू द्यावे, भांडू द्यावे. उत्तर लगेच देऊ नये. स्वतः विचार करून धरलेले सत्य टिकते. फळ्यावरचे सत्य डस्टरने पुसले जाते.

पुढच्या वर्षाची गोष्ट

आता आमची गोष्ट पुरी करतो. २०१९ साली त्याच गावाने आम्हांस पुन्हा बोलाविले. वर्षभर ती चिठ्ठी आमच्या पोथीत होती. पहिल्याच रात्री कीर्तनाच्या आरंभी आम्ही कोणाचेही नाव न घेता सांगितले, “गतवर्षी येथे आम्ही सत्यावर दीड तास बोललो आणि डोळ्यांनी पाहिलेले सत्य गिळले. तो आमचा अपराध. आधी त्याची क्षमा मागतो, मग अभंगाला हात घालतो.” मंडपात कोणी हलले नाही. विणेकऱ्यांनी वीणा शेजारच्याच्या गळ्यात दिली आणि ते उठून गेले. आम्हांस वाटले, रागावले.

पहाटे काकड्यानंतर ते आमच्या बिऱ्हाडी आले. बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “महाराज, नातू पास झाला. पण आता मी त्याला काही सांगायला गेलो, की तो म्हणतो, ‘आजोबा, चिठ्ठी.’ एवढंच म्हणतो अन् हसतो. नापास झाला असता तर पुन्हा बसवला असता. माझा शब्द गेला तो कुठून आणू?”

आमच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर पोथीतले नव्हते. गुरुजींचे धरलेले कान तेवढे आठवले, आणि ती गोष्ट आम्ही त्यांना सांगितली. त्यांनी पुढे नातवाशी काय बोलणे केले, हे आम्ही विचारले नाही. ते त्या दोघांचे आहे. त्या वर्षीही भिंतीशी माणसे जमली होती. थोडी कमी होती असे म्हणतात, आम्ही मोजली नाहीत. सप्ताह कमिटीने त्यानंतर आम्हांस बोलाविले नाही. ती दक्षिणा गेली हे बरे झाले, असे म्हणण्याइतके आम्ही निःस्पृह नाही. पण झोप मात्र बरी लागते.

या महिन्याचा नेम

पाठाच्या शेवटी नेम सांगण्याची रीत आहे. या महिन्यात तीन नेम धरावेत.

पहिला, परीक्षेच्या दिवशी माळ घातलेला एकही माणूस शाळेच्या भिंतीशी दिसू नये. नातवाला ओवाळा, दहीसाखर द्या आणि दारातून निरोप द्या. नापास झाला तर त्याच्याशेजारी बसून पुन्हा अभ्यास करवून घ्या.

दुसरा, घरात लहानांपुढे आपली एक तरी चूक उघड कबूल करावी. सबब सांगू नये. कीर्तनकार व प्रवचनकार मंडळींनी हा नेम आधी धरावा. आम्ही धरला आहे.

तिसरा, शाळेत जावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. आपला मुलगा किंवा सून त्या समितीत असेल, तर त्यांना सांगावे, की इमारतीच्या रंगाइतकीच चौकशी पंगतीची करा, झाडलोटीची करा, मुलीला उठून प्रश्न विचारता येतो की नाही याची करा. आणि जो शिक्षक मुलांपुढे आपली चूक कबूल करतो, त्याचा नारळ देऊन सत्कार करा. पुढाऱ्यांच्या सत्कारांतून एखादा नारळ त्यासाठी उरवावा.

चिंतनासाठी प्रश्न : आपल्या शिक्षकांचे कोणते शिकविणे आपण विसरलो आणि कोणते वागणे विसरलो नाही? आपल्या घरातील मूल आपल्याकडे पाहून ‘चिठ्ठी’ म्हणू शकेल अशी कोणती गोष्ट आहे? सत्कर्म झाकून कसे करावे, हे मुलाला न सांगता कसे दाखविता येईल?

यांवर हरिपाठानंतर घरातील मंडळींनी, मुलांसह, थोडे बोलावे. पांडुरंग आपल्या सर्वांच्या पायांस नीट चालविण्याची बुद्धी देवो, अशी त्याच्या चरणी प्रार्थना करून हा पाठ येथे पुरा करतो.